गणपूर्ती

सव्वीस जानेवारी, सकाळचे अकरा.
झेंडा वर गेला, पोरं जिलबी चाटत पांगली,
आणि भाऊसाहेब वहीवर बोट आपटत म्हणाले,
"नव्याण्णव. महिपती, एक माणूस आण.
नाहीतर सभा तहकूब."

तहकूब सभेला पुढं कोरम लागत नाही.
पाच जण बसले तरी गाव बसलं असं धरतात.

मी सायकल काढली.
मधल्या आळीत कुलपं. सगळे द्राक्षाच्या बागेत,
कुणाची फवारणी, कुणाचा दलाल आलेला.
पारावरचे दोघे म्हणाले, "आमची सही तूच कर की."
बेदाण्याच्या शेडवरचा दिल्या हसला,
"आम्ही न्हाई आलो तर देश पडतोय व्हय?"

दांडगे गुरुजी असते तर म्हणाले असते, पडतो.
गुरुजी मला शिपाई म्हणत नसत. गणपूरक म्हणत.
"अडीच हजार वर्षांचं पद आहे तुझं.
बुद्धाच्या संघात बैठक भरेना तर माणसं जमवणारा एक असायचा,
मत विचारायला रंगवलेल्या काड्या वाटायचे.
अथेन्समध्ये तर लाल रंगात बुडवलेला दोर घेऊन
बाजारातनं माणसं हाकत. कपड्याला डाग दिसला की दंड.
आणि रोमचं गणराज्य मेलं तेव्हा कुणाला कळलं नाही, महिपती.
सभा भरतच होती.
फक्त सगळं एकमतानं व्हायला लागलं."

येरळेच्या कडेला शेवटचं घर बायाक्काचं.
वय ब्याण्णव, का चौऱ्याण्णव; कार्डावर एक, तोंडी दुसरं.
तिला कुणी बोलवत नाही. मीही कधी बोलवलं नव्हतं.
वाटभर कॅरियरवरून बोलत राहिली:
पत्रीसरकारात उसाच्या फडात निवाडा बसायचा,
ही पोर बांधावर शेरडं राखायची, नजर पोलिसांवर.
"निकालाला समदी हात वर करायची.
म्याबी केला हुता एकदा.
एक जण म्हणला, पोरी, तुजा मोजत न्हाईत.
खाली घेतला."

शंभर.

ठराव येरळेतल्या वाळूच्या लिलावाचा.
'सर्वानुमते मंजूर' भाऊसाहेब घरूनच लिहून आणतात,
शाई वाळायला वेळ लागतो म्हणून.
हात वर झाले. खाली आले.
"विरोधात?" हे विचारायचं म्हणून विचारतात.

बायाक्काच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या.

"आक्का, चुकून ऱ्हायला काय हात?"
"मोज," ती म्हणाली.
भाऊसाहेबांना नाही. मला.

सर्वानुमतेवर आडवी रेघ. वरच्या जागेत, दाटीवाटीनं: बहुमताने.
वाळू जायची ती जाणारच, गुरुवारी डंपर येतील.
तिलाच आणून मी सभा भरवली,
तिच्याच दारातल्या नदीवर.

"विरोधात एक," भाऊसाहेब लिहू लागले.

बावीस वर्षं मी मोजतो आहे.
मोजणारा स्वतःला धरत नाही.
तसा नियम नाही. नुसती सवय.
माझ्या दोन्ही हातांत उरलेल्या जिलबीची परात होती.
"थांबा," म्हणालो,
आणि ती खाली ठेवायला
जागा शोधू लागलो.