शब्दयोगी

बर्नलीत आमची घरं एकमेकांना चिकटून,
एका ओळीत बावीस.
माझ्या भिंतीपलीकडे ऑर्मरॉड.
मी कांदा परतायला घेतला की
तो काठीनं भिंत ठोकतो. तीनदा.
मोहरी तडतडली तर चारदा.

रविवारी टेकडीवरच्या चॅपेलात
आम्ही नऊजण आणि एक हीटर.
पाळकबाई विचारतात, तुमचा शेजारी कोण?
बाकीच्यांना आठवतात दूरचे देश,
होड्यांतून येणारी माणसं,
डोळे भरून येतात त्यांचे.
मला आठवते काठी.

आबा राहुरीला मिशनच्या शाळेत व्याकरण शिकवत.
फळ्यावर लिहीत: शेजारी.
जरा अंतर सोडून लिहीत: वर.
"शेजारीवर? बरं वाटतंय का कानाला?"
आम्ही हसायचो.
"हे 'वर' शब्दयोगी. याला एकटं उभं राहता येत नाही.
आणि जोडून घ्यायचं तर आधी
शब्दाला थोडं वाकावं लागतं.
शेजाऱ्या... मग वर.
पुढं काय, ते तुम्ही लिहा."
मी उठून लिहिलं होतं: राग.
आबांनी पुसलं नाही.
म्हणाले, व्याकरण बरोबर आहे.

जानेवारीत ऑर्मरॉड बर्फावर घसरला.
डावा हात प्लास्टरमध्ये.
मंगळवारी पहाटे मागच्या गल्लीत
बावीस दारं, एकवीस कचऱ्याचे डबे.
मी रात्रपाळीहून येत होते
बारा म्हाताऱ्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवून,
मोजे ओले, पोटात फक्त चहा.
खरं सांगते,
प्रेमबिम काही दाटून आलं नाही.
शिवी आली. अस्सल नगरी.
प्रीती हा शब्द तर आमच्या घरात
फक्त डोळे मिटल्यावर निघायचा,
उघड्या डोळ्यांनी कुणी कुणाला म्हणालं नाही कधी.

पण प्रभूनं तरी कुठं म्हटलंय, वाटू दे?
तो म्हणाला, कर.
आज्ञार्थ. दोन अक्षरं, तीही ऱ्हस्व.
म्हणून त्याच्या फाटकाची कडी काढली
आणि डबा ओढत नेला दगडी गल्लीतून
मुद्दाम खडखडाट करत,
कळू दे म्हणून.

वरची खिडकी सरकली.
"हा निळ्या झाकणाचा आठवडा आहे.
तू करडा आणलास."
इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच,
मी 'तू' ऐकलं.
परत फिरले. बदलला.

प्लास्टर मार्चमध्ये निघालं.
डबा माझ्याकडेच राहिला.
त्यानं विषय काढला नाही, मीही नाही.
आभार नाहीत, नाताळचं कार्डही नाही,
कांद्याला तीन, मोहरीला चार, ते चालूच.
आबा, वाकतो म्हणे शब्द,
इथं कंबर माझी वाकते हँडल धरायला.

मग मे महिन्यात मला ताप भरला.
चार दिवस गॅस पेटला नाही.
पाव, पॅरासिटामॉल,
छतावरचा ओलीचा डाग
(त्याच्याच पन्हळीतून झिरपलेला,
हे मी दोनदा सांगून झालंय).
चौथ्या संध्याकाळी भिंत वाजली.
एकदाच.
कांदा नाही, मोहरी नाही,
तक्रार करावी असा कसलाही वास नाही.
मी पडल्या पडल्या वाट पाहिली दुसऱ्या ठोक्याची.
आला नाही.
भिंतीला कान लावून कुणी उभं असलं
तर जशी शांतता असते, तशी होती.

हात लांब करून मी बोटाच्या पेरानं वाजवलं.
पलीकडे खुर्ची करकरली, कुणी तरी बसलं.

शेजारीण.
शेजारणी... वर.
हाही शब्द वाकतो, आबा,
इतकी वर्षं मी तो त्या बाजूनं लिहून पाहिलाच नव्हता.
पुढं काय लिहायचं ते त्याचं तो बघेल.

उद्या मंगळवार.
निळं की करडं?
उठून बघायला हवं.