अंगठा

साडेतीनलाच अंधार. हिउमाची फेरीबोट आज सुटली नाही,
म्हणून धक्क्यावर काम नाही,
म्हणून मी वाटाणे शिजत घातलेत.
पिवळे, रात्रभर भिजलेले,
त्यात धुरावलेल्या डुकराचा एक तुकडा, हाडासकट.
घाई नाही. चुलीलाही नाही.

लेइदा खिडकीशी. पाच सुया, करडी लोकर,
ओठांत आकडे. मध्येच काही विचारलं
तर मान न उचलता हात वर करते,
वाहतूक पोलिसासारखा.

मग वीज गेली.
मेणबत्ती शोधायला उठलो, तर म्हणाली, राहू दे,
बोटांना दिसतंय.
खरंच, सुयांची टिकटिक थांबली नाही.
मीही वासावरूनच ढवळत राहिलो,
मीठ तळहातावर जोखलं.

चुलीच्या उजेडात जेवलो. राईचा काळा पाव, लोणी.
वाटाणे बुडाला जरा लागले होते.
तेच मला वाढ, म्हणाली.

सकाळी दाराशी गुडघाभर बर्फ,
आणि टेबलावर हातमोजा:
अंगठा भलत्याच बाजूला.
तिने पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा.
“दुसऱ्या हाताचा आधी झाला,” म्हणाली,
आणि गुंड्याचं टोक हुडकू लागली.