रेघेची जाडी

गोरिझियातल्या या इमारतीत पूर्वी पाद्री घडायचे.
आता राजदूत घडवतात, निदान फाटकावर तसं लिहिलंय.
तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी बसून
मी तह शिकते:
उद्देशिका, कलमं, परिशिष्टं,
आणि शेवटी सह्यांचं पान,
जिथे सगळ्याच अक्षरांना गाडी गाठायची असते.

प्रोफेसर ब्रुमात भिंतीवर नकाशा टांगतात.
एकास एक लाख. पेन्सिलीची रेघ एक मिलिमीटर.
जमिनीवर किती?
शंभर मीटर, आम्ही एका सुरात.
"मग त्या शंभर मीटरांत कोण राहतं?"
कुणी बोलत नाही. ते घड्याळ बघतात
आणि आम्ही पुढच्या परिषदेकडे वळतो.

शेवटच्या बाकावर सिन्योर पेटेयान.
वय एकाहत्तर, पोस्टातून निवृत्त.
परीक्षा देत नाहीत, पण एक तास चुकवत नाहीत.
सत्तेचाळीस साल आलं की चष्मा पुसतात,
पुसतच राहतात.

सरहद्दीवर आता कुणी नसतं.
स्टेशनसमोरच्या चौकात आम्ही
तळ्यात-मळ्यात करत फोटो काढतो,
एक पाय इटलीत, एक स्लोव्हेनियात,
आणि नेव्हिया पलीकडे जाऊन
स्कूटरमध्ये स्वस्त पेट्रोल भरून येते.

तोंडी परीक्षेला फेब्रुवारीत बोरा सुटला होता.
खिडक्यांची तावदानं दात वाजवत होती.
मी धडाधड सांगितलं:
चार बड्यांचा आयोग, कोणी कुठली रेघ सुचवली,
कोण युद्धात कमावून तहात हरलं.
तिसांपैकी सत्तावीस.
ब्रुमातांनी माझ्या वहीत सही केली. तीही घाईतच.

बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी पेटेयान उभे होते.
"चुन्याची बादली कोणी धरली होती, ते विचारलं का?"
मला कळलं नाही.
"सप्टेंबरात शिपाई आले, खुंट्या, दोरी, चुना घेऊन.
मी आठ वर्षांचा, मागे मागे फिरत होतो.
एकाने बादली माझ्या हातात दिली, वर एक बिस्कीट.
म्लेकुजबाईंच्या अंगणापर्यंत नेली
आणि हात भरून आला.
मी ती खाली ठेवली. तुतीच्या या अंगाला.
ते नकाशा बघत बघत आले,
बादली दिसली, तिथूनच पुढे रेघ ओढली."

कॉफी निवत होती. ते हसले, अगदी थोडं.
"दोन देशांना चुना लावला मी. बिस्किटाच्या बदल्यात."

तुती पलीकडे गेली.
बाई अलीकडे राहिल्या.
पहिली दोन वर्षं तारेखालून
पोरांना पाठवून तुती वेचून आणवल्या,
मग त्या तुतीचं नाव काढेनाशा झाल्या.
"मला मात्र दर इस्टरला अंडं द्यायच्या.
त्यांना माहीत होतं का, तेच मला माहीत नाही."

म्हणून ते शिकायला आले होते.
तीन वर्षं, शेवटच्या बाकावर,
कुठल्या तरी तळटीपेत, इतिवृत्तात,
एखाद्या कर्नलच्या पत्रात
बादली येते का, ते बघायला.
काळ्या दगडावरची रेघ म्हणून जी आम्ही पाठ केली
तिच्यात एका पोराचं दुखणारं मनगट होतं,
किंवा नव्हतं.
आठ वर्षांचं पोर कशालाही आपलंच पाप म्हणू शकतं.

मी ब्रुमातांना विचारलं.
ते म्हणाले, साधन नाही.
मग जरा थांबून: "तूत कुठे आहे?"

शनिवारी आम्ही तिघं चालत गेलो.
त्या जागी टायरचं दुकान झालंय.
पेटेयान पार्किंगमध्ये पावलं मोजत राहिले,
चुकले, मागे आले, पुन्हा मोजली.
ब्रुमातांनी खिशातून पेन्सिल काढली
आणि काढली तशीच हातात धरून
वाऱ्यात उभे राहिले.