अकरा फुटांचं दुकान

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा.
माझं दुकान आत अकरा फूट,
त्यातले तीन पडद्याने खाल्लेले.
उरलेल्या आठात माणूस बसवायचा, आपण उभं राहायचं
आणि मध्ये काच.

आज टेबलावर तीन काचा.
पंच्याऐंशीची माझी, हप्ते फिटलेली.
एकशेपाचची ठाण्याहून आणलेली,
चरईतल्या एका स्टुडिओने सामान विकायला काढलं तेव्हा.
आत बुरशीचं बारीक कोळिष्टक, फोकस हाताने,
रिंग फिरते ती हिवाळ्यातल्या तुपासारखी.
एकशेपस्तीसची भाड्याची, उद्या दहाला परत.
आवडलीच तर तशी विकत घ्यायची.
म्हणजे पुन्हा हप्ते.

स्टुलावर बाजीबा कोंढाळकर.
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी,
एकतीस वर्षं. सोमवारी निवृत्त झाले.
पुतण्याने मोबाइलवर काढलेला फोटो घेऊन आलेत:
"हे नाक माझं न्हाई."
खरंय, मी म्हटलं, फार जवळून काढलाय.
जवळ गेलं की नाक पुढे येतं, कान मागे पळतात.
"मानसांचं बी तसंच," म्हणाले,
आणि उगाच बोललो असं वाटून
गुडघे चोळत बसले.

पंच्याऐंशी. दीड ढांगेवर मी.
इतक्यावरून शर्टाची नवी घडी दिसते,
घडीखालचा कांदा नाकाला कळतो.
पापणीचा केस न् केस लख्ख, कान धुक्यात.
ते बोलत राहतात, वाराई, तोलाई, मुकादम,
मी दाबत राहते.
दर फोटोत तोंड अर्धवट उघडं.

एकशेपाच. पाठ काउंटरला टेकली.
नाक जागेवर आलं.
रिंग पुढे नेते, मागे आणते, पुन्हा पुढे.
तेवढा वेळ त्यांनी श्वास धरलेला.
"काटा थांबला की सांगा."
दिव्याकडचा गाल बुरशीने दुधाळ झालाय.
हा दोष आहे.
मला तो आवडलाय.

एकशेपस्तीस. शटर पूर्ण वर, मी फुटपाथवर.
आमच्यामधून एक सायकल, दोन शाळकरी पोरी,
रसवाल्याची बर्फाची लादी गोणपाटात.
हनुवटी खाली घ्या, मी ओरडते.
त्यांना ऐकू जात नाही.
थोड्या वेळाने ते माझी वाट बघणंच सोडून देतात,
आणि तेव्हा येतो तो चेहरा,
पडदा खांद्याशी आलेला,
कपाळ, नाक, कान एका ओळीत,
कुणी बघत नसल्यासारखा.

तिन्ही दाखवले.
बोट स्क्रीनपासून वितभर लांब धरून
त्यांनी फुटपाथवरचा दाखवला.
"ह्यो मी एस्टीतनं उतरल्यावरचा.
घरच्या मंडळींला पारावरनं असाच दिसत असणार.
वर्सातनं दोनदा."
मग बराच वेळ काही नाही.
रसाचं यंत्र घुंगरं वाजवत फिरत होतं.

"पर काढा ही मदली," म्हणाले. "हितं काटा थांबलाय."
गालावरचं धुकं पुसून देऊ का, विचारलं.
"ऱ्हाऊ द्या. घट धरलीच पायजे."

सकाळी दहाला भाड्याची काच परत केली.
येताना दोन किलो कांदे घेतले,
आणि पोरगा पिशवी पुढे करत होता तरी
आकडा हलायचा थांबेपर्यंत
उभी राहिले.