पांढरीत पेरणी

काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं,
एवढं आमच्या दारवटकरांच्या घरात
न शिकवताही कळायचं.
आणि मी, निवृत्तीच्या तिसऱ्या वर्षी,
धायरीतल्या या बाल्कनीत
पांढरीतच वांगी पेरत्येय.

ही पांढरी गावठाणातली नाही.
डोळ्यांना न दिसणारी शेवाळं असतात पाण्यात,
त्यांची ही घरं. काचेची.
मालक जाऊन लाखो वर्षं झाली.
घरं तळाशी साचत राहिली, तळं आटलं,
मग कुणीतरी खणून, भाजून, पोत्यात भरून
मार्केट यार्डाच्या गाळ्यात आणून ठेवली:
किलोला एकशेवीस, सुट्टे द्या.

माझी यांची ओळख जुनी.
गणेशखिंडीच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं
मी यांनाच मोजत होते.
पाण्यातून काढलेल्या माणसाचं हाड यायचं,
बरणीत, लाखेची मोहोर लावून.
मगज काढायचा, नायट्रिक आम्लात उकळायचा.
माणसाचं म्हणून जे असतं ते विरघळून जातं,
उरतात या काचेच्या डब्या.
सापडल्या, तर पाण्यात गेला तेव्हा तो श्वास घेत होता.
नाही सापडल्या, तर...
पण ते 'तर' लिहिणं माझं काम नव्हतं.
मी आकडा लिहायचे, साहेब सही करायचे.

एकदा पानशेतकडची एक बाई
व्हरांड्यात वाट बघत बसलेली.
"ताई, लई तरास झाला आसंल का वो त्याला?"
ते काचेखाली दिसत नाही, मी म्हणाले.
दिसत होतं.

पहिल्या खेपेला मी पीठ वापरलं आणि चुकले.
पाणी घातलं की लापशी, ऊन लागलं की पापडी.
बारा बिया. एक वर आली नाही.
काडीनं उकरून पाहिलं: मऊ, करड्या, बोटाला लागणाऱ्या.
सवयीनं मनात आलं,
बुडाल्या तेव्हा जिवंत होत्या का?
हसू आलं. मग नाही आलं.

दुसऱ्या खेपेला खडे आणले, साबुदाण्याएवढे.
नाकाला ओला रुमाल बांधून चाळले
(ही धूळ छातीत गेली की परत येत नाही),
धुतले, चहाच्या जुन्या गाळण्यात निथळले.
खडा पाणी पितो, पिऊन गप्प बसतो,
आणि शेजारच्या खड्याला चिकटत नाही.
मध्ये वाऱ्याला जागा राहते.
बीला एवढंच लागतं. पाणी आणि श्वास.
दोन्ही एकदम.

खालचे बेलसरे जिन्यात थांबून म्हणाले,
"अहो, यात कस कुठाय? रांगोळीत पेरण्यातला प्रकार!"
बरोबर आहे त्यांचं.
पुण्यात बरोबर असणं तसं फार स्वस्त आहे.
पण बी निघतं ते शिदोरी बांधून,
पहिली दोन पानं आपल्या गाठीवर काढतं.
तिसऱ्याला भूक लागते, तेव्हा न्यावं काळीत.

नवव्या दिवशी, नळाचं पाणी जाता जाता,
एक कोंब. मान वाकडी,
टरफल अजून डोक्यावर,
न्हाऊन टॉवेल तसाच गुंडाळून फिरणाऱ्या पोरासारखा.

पुढच्या आठवड्यात तिसरं पान डोकावलं.
चमच्याच्या दांड्यानं हलकेच उचललं.
मूळ सबंध आलं, तुटलं नाही,
त्याच्या केसांना धरून पाच-सहा पांढरे खडे.
आतल्या डब्या भिंगानं दिसत नाहीत,
त्याला सूक्ष्मदर्शक लागतो, तो तिकडेच राहिला.
बरंच झालं. मोजत बसले असते.

खडे झटकले नाहीत.
तसंच लावलं काळ्या मातीच्या कुंडीत,
घरादारासकट.

अजून अकरा यायच्यात.
बेलसऱ्यांना तूर्त काही बोललेले नाही.