अर्धा-अर्धा

रविवारी रात्री मोओकात घरोघरी गॅस थंड असतो
आणि अख्ख्या मोहल्ल्याची भूक
आमच्या दारापाशी फुटपाथवर उभी असते,
मुलांना कडेवर घेऊन, केस अजून ओले.

आत भट्टीपाशी जेनिव्हाल्दो.
उत्तरेकडून, सेआरातून आला
तेव्हा त्यानं पिझ्झा पाहिलासुद्धा नव्हता.
आता निलगिरीचा ओंडका नाकाशी धरून सांगतो :
हा ओला आहे, हा रुसेल, हा बोलेल.
त्याच्या उजव्या हातावर केस नाहीत.
सव्वीस वर्षांत भट्टीनं एकेक करून मागून घेतले.

मी वाढपी.
मला टेबलांचे नंबर पाठ आहेत
आणि माणसांचे मजले.

त्या रविवारी एकच टेबल रिकामं होतं,
अकरा नंबर, खांबाआड, दोघांपुरतं.
रांगेत पुढं झोराइदेबाई, चौथा मजला.
त्यांच्या मागं ओतासिलिओ, तिसरा.
बाईंच्या न्हाणीतून ओतासिलिओंच्या भिंतीत
दोन वर्षं पाणी उतरतंय.
सोसायटीच्या सभेत बाई म्हणाल्या, पाइप बिल्डिंगचा.
ते म्हणाले, न्हाणी तर तुमची ना?
मग वकिलांची पत्रं.
लिफ्टमध्ये गाठ नको म्हणून
दोघंही गुडघे धरत जिन्यानं.

म्हटलं, टेबल एक आहे. नाहीतर पाऊण तास थांबा.
बसली दोघं. खुर्च्या तिरक्या करून,
दवाखान्यात नंबर लावल्यासारखी.

"मोठा, अर्धा-अर्धा," मीच लिहून टाकलं.
बाईंचा अर्धा : पामचा गाभा, वर मऊ चीज.
त्यांचा : खारवलेली मासळी, कांदा सढळ.
जेनिव्हाल्दोनं पिठावर बोटानं रेघ ओढली,
मोजणीदारानं ओढावी तशी,
आणि लांब फळीवरून आत लोटून दिलं.

आत कुठली टिकते रेघ.
चीज उठलं, फुगलं,
बांध ओलांडून मासळीच्या अंगणात उतरलं.
मी ताट ठेवलं. ओतासिलिओ बघत राहिले.
"बघ," ते मला म्हणाले, बाईंना नाही,
"इथंही गळतंय."

बाईंच्या घशात बिअर अडकली.
हसू होतं की ठसका, सांगता येणार नाही;
सात नंबरवर रिओचा एक पाहुणा
केचप मागत होता, त्याला समजवायला जायचं होतं.

परत आलो तर सुऱ्या-काटे चालू.
ऑलिव्हच्या बिया एकाच बशीत.
"फोडून बघा म्हणता," बाई म्हणत होत्या,
"पण त्या हिरव्या फरश्या. एक फुटली तर दुसरी नाही.
कारखानाच बंद पडला."
ओतासिलिओंनी काटा खाली ठेवला.
"एकोणीस वर्षं होतो तिथं," ते म्हणाले.
"भट्टीवर."
मग बराच वेळ कुणीच काही नाही.
दोघंही खांबाच्या कडेनं
भट्टीचं लाल तोंड बघत होती.
मीही, हातात चार नंबरचं बिल घेऊन.

बिलावरून मात्र भांडली. मनापासून.
अर्धा-अर्धा म्हणजे मासळीचा जास्त की कमी?
शेवटचा तुकडा उरला, नेमका रेघेवरचा,
इकडून पांढरा, तिकडून खारा.
त्यांनी तो बाईंकडे सरकवला.
बाईंनी परत.
तो टेबलाच्या मधोमध थांबला
आणि ती उठून गेली, चार पावलांच्या अंतरानं.

आमच्याकडे म्हणतात, वाद पिझ्झ्यावर संपला,
म्हणजे निकाल काहीच लागला नाही.
भिंतीतलं पाणी अजून उतरतंय, असं चौकीदार सांगतो.

रात्री एक वाजता, राख ओढून झाल्यावर,
जेनिव्हाल्दोनं तो तुकडा निखाऱ्यांशी धरला
आणि मला दिला.
कडा करपली होती. चांगला होता.
बशा धुवून झाल्या होत्या,
म्हणून बी मी खिशात टाकली.
मंगळवारी शर्ट धुताना सापडली.