ओट्रोबांडातली तीन नंबरची खोली

या, दुशी. इथं सगळ्यांनाच दुशी म्हणतात, हुरळून जाऊ नका.
आधी भिंतीकडं बघा, मग समुद्राकडं.
समुद्र कुठं पळत नाही.
भिंतीत एकशे सत्तावीस व्होल्ट आहेत,
दोन चपट्या फटी, खाली एक भोक,
आ वासल्यासारखं.

डच पाहुणे गोल पिना घेऊन येतात.
राजा एकच, पासपोर्ट एकच,
पिन मात्र जात नाही.
मग मी ड्रॉवर ओढते.
त्यात एकवीस वर्षांचे विसरलेले अडॅप्टर,
एकाचा दात पडलेला,
एकावर नेलपॉलिशनं लिहिलेलं, मारिट.
आमच्या गल्लीत लग्नं जुळवणारी तान्ता फिलो अशीच होती,
दोन्ही घरांत तोंड घालायची,
स्वतः कुठंच नांदली नाही.

पण एक ऐका. अडॅप्टर फक्त पिन जुळवतो.
दाब बदलणं त्याच्या हातात नाही.
रॉटरडॅमची एक नवरी ड्रायर लावून बसली
तर त्यातून दमेकऱ्याचा श्वास.
शेवटी गच्चीवर उभी केली तिला, वाऱ्याकडं पाठ करून.
आमचा वारा फुकट आहे.
झाडंसुद्धा त्यानंच विंचरलीत,
सगळी एका बाजूला.

मोबाइलची काळजी नको.
चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत असतं, शंभर ते दोनशे चाळीस.
पानात पडेल ते गोड मानणारी जात.

अमेरिकनांना वाटतं, आपल्याला काहीच लागत नाही.
पिन सरळ आत जाते, लोण्यात सुरी जावी तशी.
ड्वेन लिंडक्विस्टलाही तसंच वाटलं.
मिनेसोटाचा, शाळेची बस चालवून निवृत्त झालेला.
बॅगेत दोन शर्ट आणि बायकोच्या उशाजवळचं घड्याळ,
आकड्यांच्या पट्ट्या टपकन पडणारं.
बायको नव्हती. घड्याळ आणलं होतं.

संध्याकाळी सहाला लावलं त्यानं.
सकाळी आठ वाजता त्याच्याकडं पावणेसहा.
म्हणाला, तुमच्याकडं ऊन फार लवकर चढतं.
रोज काटेकोर जुळवायचा, रोज तेच.
त्याला वाटलं, बेटच आळशी आहे.
मला वाटलं, माणूस.
निघायच्या दिवशी विमान अकराचं,
घड्याळात अजून नऊ.
मी फुंची ढवळत होते, तोही निवांत जेवायला बसला.
नंतर धावत पुलापर्यंत गेला,
तर पूल जहाजासाठी बाजूला सरकलेला.
तिथंच कठड्यावर बसून हसत होता म्हणे,
बॅग मांडीवर घेऊन, डोळे पुसत.

आणखी नऊ दिवस राहिला.
गेला तेव्हा घड्याळ ठेवून गेला.
म्हणाला, तिकडं ते फार भरभर चालतं.

पुढं शुर्विन वायरमन आला फ्यूज बघायला.
त्यानं मीटरच्या खोक्यावर पेन्सिलनं मांडून दाखवलं,
तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते,
आमची पन्नास.
हे घड्याळ हेलकावे मोजतं, तास नाही.
म्हणून तासाला दहा मिनिटं मागं पडतं.
काढून टाक, म्हणाला, खोटं बोलतंय.
मी खोक्यावरचं गणित पुसलं नाही
आणि घड्याळही काढलं नाही.

ड्वेनचं शेवटचं पत्र येऊन सहा वर्षं झाली.
घड्याळ म्हणतं, पाच.
या मार्चमध्ये मी साठ पूर्ण केली.
जन्मापासून ते उशाशी असतं तर...
असो. हिशेब तुम्हीच करा.

ते तुमच्या पलंगाजवळ आहे, चालू आहे.
त्याची पिन काढू नका, दुसरी जागा पलंगामागं आहे.
दिवे गेले तर मीटरमध्ये भरलेले पैसे संपले असतील,
जिन्यातून हाक मारा.
आणि विमान किती वाजताचं आहे,
ते मला आत्ताच सांगून ठेवा.